ताटातील कर्बोदकांचा हिशेब: ग्लायसेमिक इंडेक्स आणि ग्लायसेमिक लोड घरी कसे वापरावेत

मधुमेहाचे निदान झाले की घरात सर्वांत आधी एक यादी तयार होते. कलिंगड, आंबा, केळे आणि बटाटा बंद. भात जवळजवळ बंद. पोळी चालेल, भाकरी हवी तितकी चालेल, गूळ साखरेपेक्षा बरा, आणि उपवास असेल तर साबुदाण्याला हरकत नाही. शेजारी, नातेवाईक आणि मोबाइलवर फिरणारे संदेश यांच्यातून जमलेल्या या यादीत काही गोष्टी सरळ चुकीच्या असतात, आणि ज्या बरोबर असतात त्यांचे प्रमाण किती हे कोणी सांगत नाही. पदार्थ रक्तातील ग्लुकोज किती वाढवतो हे सांगणारा ग्लायसेमिक इंडेक्स आणि आपण तो किती खाल्ला हेही धरणारा ग्लायसेमिक लोड या दोन संकल्पना नीट कळल्या, तर ‘चालते’ आणि ‘चालत नाही’ या दोन रकान्यांऐवजी ताटातील पदार्थांचा खराखुरा हिशेब मांडता येतो. त्यासाठी स्वयंपाकघरातील वजनकाटा, रोजच्या वापरातील एक वाटी आणि शाळेतला गुणाकार एवढेच पुरते.

अंक कसा काढतात

पूर्वी असे मानले जाई की साखर रक्तात झटकन मिसळते आणि धान्यातील पिष्ट सावकाश पचते, म्हणून मधुमेहींनी साखर टाळावी आणि धान्य खावे. कॅनडातील टोरोंटो विद्यापीठात डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गृहीतक प्रत्यक्ष मोजून तपासले आणि १९८१ मध्ये पहिला ग्लायसेमिक इंडेक्स प्रसिद्ध केला. त्यांची पद्धत थोड्याफार सुधारणांसह आजही वापरली जाते. ५० ग्रॅम पचण्याजोगी कर्बोदके मिळतील इतका पदार्थ निरोगी व्यक्तींना, साधारणपणे दहा जणांना, उपाशीपोटी खायला देतात. पुढील दोन तासांत ठरावीक अंतराने रक्तातील ग्लुकोज मोजतात. त्या वाचनांचा आलेख काढून त्याखालचे क्षेत्रफळ काढतात. आणि त्याच व्यक्तींनी ५० ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर जे क्षेत्रफळ येते ते १०० मानून पदार्थाचे प्रमाण काढतात. हा अंक ५५ किंवा त्याहून कमी असेल तर तो कमी, ५६ ते ६९ असेल तर मध्यम आणि ७० किंवा अधिक असेल तर जास्त समजतात.

अशा शेकडो मापनांचे संकलन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील सरासरी अंक पाहिले तर जुनी समजूत का सोडावी लागली हे लगेच ध्यानात येते. साधी साखर ६५, शिजवलेला पांढरा भात ७३, पांढरा पाव ७५ आणि उकडलेला बटाटा ७८. म्हणजे तोलूनमापून घेतलेल्या साखरेपेक्षा भात रक्तातील ग्लुकोज अधिक वेगाने वाढवतो. याचे कारण असे की साखरेचा प्रत्येक रेणू निम्मा ग्लुकोजचा आणि निम्मा फ्रुक्टोजचा असतो. फ्रुक्टोजवरची प्रक्रिया मुख्यतः यकृतात होते आणि रक्तातील ग्लुकोजवर त्याचा परिणाम थोडाच दिसतो. भाताचे पिष्ट मात्र सुटले की सारे ग्लुकोजच असते. यावरून साखर भातापेक्षा चांगली ठरत नाही. हा अंक एकच गोष्ट मोजतो आणि बाकीच्या गोष्टींबद्दल गप्प असतो, एवढाच त्याचा अर्थ.

त्याच तक्त्यातील कडधान्ये मात्र वेगळ्याच रांगेत बसतात. हरभऱ्याच्या जातीचे काबुली चणे २८, राजमा २४, मसूर ३२. दूध ३९, सफरचंद ३६, संत्रे ४३, केळे ५१, आंबा ५१. गव्हाची चपाती ५२, जरी इतर काही मापनांत ती साठीच्या पुढेही गेलेली आहे. कलिंगड ७६.

कलिंगडाच्या या एका आकड्यामुळे कित्येक घरांत उन्हाळाभर त्याची फोड मधुमेहींच्या ताटात पडत नाही. परंतु हा अंक ५० ग्रॅम कर्बोदकांसाठी काढलेला आहे, हे विसरता कामा नये. कलिंगडाच्या १०० ग्रॅम गरात ती जेमतेम सात ग्रॅम असतात. म्हणजे प्रयोगातील मात्रा पोटात जाण्यासाठी सालीवाचून सुमारे ७०० ग्रॅम गर एका बैठकीत खावा लागेल. तांदळाच्या बाबतीत तेवढीच कर्बोदके ६५ ग्रॅम कच्च्या तांदळात, म्हणजे दोन-तीन मुठींत मिळतात.

लोड म्हणजे वाढलेल्या वाटीचा अंक

ही त्रुटी भरून काढण्यासाठी १९९७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ग्लायसेमिक लोड ही संकल्पना वापरात आणली. सूत्र सोपे आहे: पदार्थाचा ग्लायसेमिक इंडेक्स गुणिले आपण प्रत्यक्ष खाल्लेली कर्बोदके, भागिले १००. एका वाढणीचा लोड १० किंवा कमी असेल तर तो कमी, ११ ते १९ मध्यम आणि २० किंवा त्याहून अधिक असेल तर जास्त मानतात. कलिंगडाच्या १५० ग्रॅम फोडींत सुमारे १० ग्रॅम कर्बोदके येतात; ७६ गुणिले १० भागिले १००, म्हणजे लोड ८ च्या आत. इंडेक्स जास्त आणि लोड कमी, असे हे उदाहरण आहे. उलट उदाहरणेही घरोघरी आढळतात आणि तीच अधिक धोक्याची असतात, कारण कमी अंकाच्या भरवशावर माणूस दुप्पट खातो.

इंडेक्स पदार्थाचा असतो आणि लोड आपल्या वाढणीचा असतो. म्हणून कोणत्याही तक्त्यात तयार मिळालेला लोड उचलू नये. परदेशी तक्त्यातील ‘एक वाढणी’ आणि आपल्याकडची डावभर भाताची मूद यांचा काही संबंध नसतो. लोड स्वतःच काढावा.

तो काढण्याची सोयीची पद्धत म्हणजे शिजवलेल्या पदार्थाऐवजी कच्च्या धान्याचे वजन घेणे, कारण शिजताना शोषलेले पाणी घरागणिक आणि कुकरच्या शिट्ट्यांगणिक बदलते. एका वेळच्या स्वयंपाकासाठी किती तांदूळ, किती कणीक, किती डाळ घेतली ते काट्यावर मोजावे आणि खाणाऱ्यांत त्याची वाटणी कशी झाली ते पाहावे. कर्बोदकांचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांत मिळतात. त्या तक्त्यांत तंतुमय पदार्थ वेगळे दाखवलेले असल्यामुळे कर्बोदकांचा आकडा थेट वापरता येतो. १०० ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम, गव्हाच्या कणकेत ६४, ज्वारीत ६८, पोह्यांत ७७ आणि डाळींत साधारण ५० ते ५५ ग्रॅम कर्बोदके असतात. पाकीटबंद मालावरील आकडा घेताना तंतुमय पदार्थ त्यातच धरले आहेत का, हे पाहावे. धरले असतील तर ते वजा करावेत.

आता एक साधे गणित. ५० ग्रॅम तांदळाचा भात म्हणजे एक वाटीहून थोडा अधिक. त्यात ३९ ग्रॅम कर्बोदके; इंडेक्स ७३ धरला तर लोड सुमारे २८. एका मध्यम पोळीला ३० ग्रॅम कणीक लागते असे धरले तर १९ ग्रॅम कर्बोदके. इंडेक्स ५२, लोड १०. डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला म्हणून ज्यांनी भाताची वाटी सोडली आणि दोन पोळ्यांच्या जागी पाच खाऊ लागले, त्यांच्या ताटातून २८ वजा झाले आणि ३० जमा झाले. साखर का उतरत नाही, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा इतके साधे असते.

जेवणातील निरनिराळ्या पदार्थांच्या लोडची बेरीज करता येते. दोन पोळ्या २०, अर्ध्या प्रमाणात भात १४, २५ ग्रॅम डाळीचे वरण ४, ३० ग्रॅम मटकीची उसळ ५ असे धरले तर बेरीज ४३ होते. पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, ताक यांचा लोड इतका थोडा असतो की त्यांचा हिशेब ठेवण्याची गरज नाही. दिवसाचा एकूण लोड ८० पर्यंत असेल तर कमी आणि १२० च्या पुढे गेला तर जास्त, असा एक ढोबळ संकेत आहे. तो नियम म्हणून न घेता दिशादर्शक म्हणून वापरावा, कारण शेतात राबणाऱ्या माणसाची आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाची गरज सारखी नसते.

ही बेरीज करताना चहाला विसरू नये. दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम साखर, इंडेक्स ६५, लोड ६.५. दिवसाकाठी असे चार कप झाले तर लोड २६ होतो, म्हणजे सोडलेल्या भाताची जवळजवळ सगळी वाटी चहातून परत येते. साखरेऐवजी गूळ घातल्याने यात फरक पडत नाही. गुळात लोहादी खनिजे थोडी अधिक असली तरी त्याचा बहुतांश भाग साखरेचाच असतो.

भाकरीचे दोन आकडे

ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांचे गुणगान २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षापासून अधिकच वाढले आहे, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात भरडधान्यांचा सरासरी इंडेक्स ५३ च्या आसपास आला, तर पॉलिश केलेला तांदूळ आणि मैदा ७० च्या वर राहिले. पण १९९० च्या दशकात भारतात झालेल्या एका मापनात ज्वारीच्या भाकरीचा अंक ७७ आणि बाजरीच्या भाकरीचा ५५ आला होता. नाचणीचा तर १०४, म्हणजे ग्लुकोजच्याही किंचित वर. एकाच धान्यगटाबद्दल इतके अंतर पाहून वाचक गोंधळून जाईल, पण या अंतरातच शिकण्यासारखे बरेच आहे.

धान्याचा अंक धान्यातच ठरत नाही. तो दळण्यात आणि शिजवण्यात ठरतो. पिष्टाचे कण जितके बारीक होतात तितके पाचक रसांना सापडणारे पृष्ठ वाढते. ते पाण्यात तापले की फुगतात, त्यांची घट्ट बांधणी सुटते आणि पचन आणखी सोपे होते. ज्वारीच्या पिठाची विरी गेली असेल तर सुगरण ते उकळत्या पाण्यात मळते. भाकरी थापायला सोपी जाते, पण पिष्टाचा काही भाग तव्यावर पडण्याआधीच फुगलेला असतो. नाचणीचे वस्त्रगाळ पीठ पाण्यात किंवा दुधात कालवून केलेली पातळ पेज किंवा खीर तर फारसे चावावे न लागता पोटात उतरते. तीच ज्वारी कण्यांच्या रूपात भातासारखी मोकळी शिजवली, किंवा दाणे अख्खे ठेवले, तर पचनाला वेळ लागतो. गव्हाच्या बाबतीतही मैदा, कणीक, रवा आणि जाडसर लापशी अशी उतरंड लावता येते. ओट्सचे उदाहरण तर मोजून दाखवलेले आहे: लाटून चपट्या केलेल्या जाड ओट्सची लापशी ५५, तर दोन मिनिटांत तयार होणाऱ्या बारीक ओट्सची ७९. धान्य तेच असते, फक्त सोय वाढलेली असते. ‘होलव्हीट’ ब्रेडचेही तसेच. पूर्ण गव्हाच्या पावाचा सरासरी अंक ७४ आहे आणि पांढऱ्या पावाचा ७५. कोंडा असला तरी तो बारीक दळून मिसळलेला असतो. अख्खे दाणे दिसणाऱ्या पावाचा अंक मात्र ५३ पर्यंत उतरतो.

भाकरीचा लोड काढून पाहू. ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर त्यात ४१ ग्रॅम कर्बोदके येतात. भरडधान्यांची सरासरी ५३ लावली तर लोड २२, ज्वारीच्या भाकरीचा मोजलेला ७७ लावला तर ३२. सत्य या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी, त्या घरच्या पिठावर अवलंबून असते. पण दोन्ही आकडे २० च्या वर आहेत हे लक्षात घ्यावे. भाकरी पौष्टिक आहे, तिच्यात तंतू अधिक आहेत, तिने पोट जास्त वेळ भरलेले राहते, आणि पोळीऐवजी ती खाण्याला माझी पूर्ण संमती आहे. परंतु ‘हवी तितकी’ हा शब्दप्रयोग तिच्या बाबतीतही चालत नाही.

भाताची जात, पाणी आणि शिळेपण

तांदळाच्या पिष्टात अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. अमायलोजच्या साखळ्या सरळ आणि दाट बसतात, त्यामुळे त्या सावकाश पचतात. अमायलोपेक्टिन फांद्याफांद्यांचे असते आणि झटकन सुटते. ढोबळ मानाने, शिजल्यावर मोकळा राहणारा आणि गार झाल्यावर कडक होणारा तांदूळ अमायलोजने समृद्ध असतो, तर चिकट, आसट होणाऱ्या तांदळात ते कमी असते. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने जगभरातील २३५ वाण तपासले तेव्हा त्यांचे अंक ४८ पासून ९२ पर्यंत पसरलेले आढळले, आणि भारतात मोठ्या प्रमाणावर पिकणारी ‘स्वर्णा’ ही जात कमी अंकाच्या गटात निघाली. बासमतीचे अंकही बहुतेक मापनांत पन्नाशी-साठीच्या घरात आहेत. कोकणात आणि गोव्यात खाल्ला जाणारा उकडा तांदूळ तुसासकट उकडून वाळवलेला असल्यामुळे त्याच्या पिष्टाची ठेवण बदलते आणि त्याचा अंक सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळापेक्षा सामान्यतः कमी येतो. तेव्हा ‘भात’ असा एकच रकाना करणे योग्य नाही.

शिजवण्याचा प्रकार तितकाच महत्त्वाचा आहे. आजारपणात हलका म्हणून दिला जाणारा गुरगुट्या भात किंवा पेज मधुमेहींच्या दृष्टीने हलकी नसते. तांदळाच्या पेजेसारख्या पदार्थांचा सरासरी अंक ७८ आहे. कुरमुरे आणि तांदळापासून फुलवलेले इतर पदार्थ त्याहून वर जातात. पोहे आधीच वाफवून कुटलेले असल्यामुळे पिष्ट काही प्रमाणात फुगलेलेच असते; मात्र ५० ग्रॅम पोह्यांत ३८ ग्रॅम कर्बोदके असतात, त्यामुळे वाढणी आवरती ठेवून शेंगदाणे, मटार, कांदा आणि लिंबू यांचा हात सढळ ठेवणे हाच खरा उपाय.

भात शिजवून गार केला की फुगलेल्या पिष्टाचा काही भाग पुन्हा घट्ट रचनेत जातो आणि लहान आतड्यात पचेनासा होतो. असा भात पुन्हा गरम केला तरी हा बदल बराचसा टिकतो. सकाळच्या फोडणीच्या भाताला त्यामुळे थोडे शास्त्रीय पाठबळ मिळते, पण फरक मर्यादित असतो हेही सांगितले पाहिजे. गार करून भात दुप्पट खाल्ला तर हाती काही उरत नाही. आणि एक खबरदारी: शिजलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. त्यात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे विष गरम करूनही नष्ट होत नाही. भात शिजल्यावर तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवावा आणि खाताना चांगला वाफाळेपर्यंत गरम करावा.

ताटातील क्रम आणि सोबत

पिष्टासोबत काय खाल्ले यावर त्याचा वेग बदलतो. प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ जठर रिकामे होण्याची गती कमी करतात, विरघळणारे तंतू आतड्यात दाटपणा आणतात, आणि लिंबू, दही, चिंच, आमसूल यांच्या आंबटपणानेही पचन थोडे लांबते. वरणभातावर लिंबू पिळण्याची आपली पद्धत म्हणूनच उपयोगी आहे. तूप अंक उतरवते खरे, पण ते उष्मांक वाढवते. कर्बोदके तितकीच राहतात. चमचाभर पुरे.

क्रमाचा परिणाम मला सोबतीपेक्षाही अधिक उपयोगाचा वाटतो, कारण त्यासाठी पदार्थ बदलावा लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१५ मध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या मोजक्या व्यक्तींवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात तेच जेवण दोन क्रमांनी दिले गेले. भाजी आणि प्रथिने आधी व कर्बोदके नंतर खाल्ली, तेव्हा तासाभराने मोजलेले ग्लुकोज उलट क्रमापेक्षा एक तृतीयांशाहून अधिक कमी भरले. आपल्याकडे पहिला घास वरणभाताचा असतो. तो मोडावा असे नाही, पण त्याआधी कोशिंबीर आणि अर्धी वाटी उसळ संपवली, तर तीच मूद शरीराला वेगळी भेटते. पंगतीत हे जमणार नाही. रोजच्या जेवणात सहज जमते.

उपवास

उपवासाचे पदार्थ हा या हिशेबातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातून काढलेले जवळजवळ शुद्ध पिष्ट. त्यात प्रथिने आणि तंतू नावापुरतेच असतात आणि १०० ग्रॅममागे ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात. एका बशी खिचडीत ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा गेला तर ५० ग्रॅमहून अधिक कर्बोदके झाली. अंक ७० धरला तर लोड ३६, आणि त्यात बटाट्याचा लोड अजून मिळवलेला नाही. दाण्याचे कूट आणि दही हीच त्या बशीतील जमेची बाजू. राजगिरा पौष्टिक असला तरी त्याच्या लाह्या दुधात घालून मोजल्या तेव्हा अंक ९७ आला होता, कारण फुलवल्याने पिष्ट पूर्णपणे मोकळे होते. गुळाच्या पाकातील लाडवात तर वर साखरेचीही भर पडते. रताळे उकडून खाल्ले तर अंक सरासरी ६३ येतो आणि बटाट्यापेक्षा ते बरे पडते. वरीचा भात, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि ताक अशी मांडणी केली, वरीचे प्रमाण मोजून घेतले, तर उपवासही पाळला जातो आणि साखरही फार उसळत नाही. ज्यांच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी मात्र निरंकार उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

फळांचे थोडक्यात सांगतो. केळे जसजसे पिकते तसतसा त्याचा अंक चढतो. रस काढला की तंतू गाळले जातात आणि एका पेल्यात तीन-चार फळे जातात. आंब्याचा अंक मध्यमाच्याही खाली आहे, म्हणून जेवणात त्याच्या दोन-चार फोडी खायला हरकत नसावी. पण वाटीभर आमरसात २०० ग्रॅम गर गेला तर सुमारे ३० ग्रॅम कर्बोदके, लोड १५. वर दोन चमचे साखर घातली तर आणखी ६.५, सोबतच्या चार पुऱ्यांना पोळीचाच अंक लावला तरी २० च्या आसपास. आंब्याला दोष देण्यापूर्वी पुऱ्या मोजाव्यात.

अंक कुठे फसवतो

आइस्क्रीमचा सरासरी अंक ५१, चॉकलेटचा ४० आणि बटाट्याच्या वेफर्सचा ५६ आहे. उकडलेल्या बटाट्यापेक्षा तळलेले वेफर्स ‘बरे’ ठरतात ते तेलामुळे, आरोग्यामुळे नव्हे. फ्रुक्टोजचा अंक १५ आहे, आणि तरीही ते भरपूर प्रमाणात घेणे यकृताच्या हिताचे नाही. म्हणून हा अंक एकाच जातीच्या दोन पदार्थांत निवड करण्यासाठी वापरावा: दोन तांदळांत, दोन पिठांत, दोन प्रकारच्या ओट्समध्ये. भात आणि आइस्क्रीम यांची तुलना त्याने करू नये.

दुसरी मर्यादा माणसांची आहे. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाने २०१६ मध्ये ६३ निरोगी प्रौढांना तोच पांढरा पाव पुन्हा पुन्हा देऊन मोजणी केली. सरासरी अंक ६२ आला. पण व्यक्तीगणिक पाहता काहींसाठी तो पाव कमी, काहींसाठी मध्यम आणि काहींसाठी जास्त अंकाच्या गटात पडला, आणि एकाच व्यक्तीचे वाचनही दर वेळी सारखे आले नाही. तक्त्यातील ५४ आणि ५७ यांत फरक शोधत बसणे त्यामुळे व्यर्थ आहे. ३० आणि ७० यांतील फरक मात्र खरा असतो. मोठ्या समूहांच्या पातळीवर हा अंक अर्थपूर्ण ठरतो, हे जेन्किन्स यांच्याच नेतृत्वाखाली २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच खंडांतील १ लाख ३७ हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात दिसले. ज्यांच्या आहाराचा इंडेक्स जास्त होता, त्यांच्यात हृदयविकार, पक्षाघात आणि मृत्यूचा धोका अधिक आढळला.

आपल्या शरीराचा अंक

ज्यांच्या घरी ग्लुकोमीटर आहे त्यांनी तक्त्याचा आकडा आपल्यावर पडताळून पाहावा. एक पदार्थ निवडावा, त्याचे वजन ठरवावे, जेवणापूर्वी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा साखर मोजावी. काही दिवसांनी तेच वजन, तीच सोबत आणि तीच वेळ ठेवून पुन्हा मोजावे. एका वाचनावरून निष्कर्ष काढू नये. नंतर एकच गोष्ट बदलावी: तांदळाची जात, किंवा कोशिंबीर आधी खाणे, किंवा जेवणानंतर पंधरा मिनिटे चालणे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला हे कळत नाही. मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी जेवणानंतरचे वाचन १८० मिलिग्रॅमच्या आत असावे असे उद्दिष्ट सामान्यतः दिले जाते, पण वृद्ध व्यक्ती आणि गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी ते वेगळे असते आणि डॉक्टरच ते ठरवतात.

आहाराचा लोड एकदम बराच कमी केला आणि गोळ्या किंवा इन्शुलिनची मात्रा तीच ठेवली, तर साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. म्हणून असा बदल डॉक्टरांना सांगूनच करावा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे अशी लक्षणे दिसली आणि वाचन ७० च्या खाली असले, तर वर सांगितलेला सारा हिशेब उलटा करायचा असतो. त्या वेळी सर्वांत जास्त अंकाचा पदार्थ हवा: १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चमचे भुकटी, पाण्यातून. ग्लुकोज नसेल तर तितकीच साखर पाण्यात विरघळवून द्यावी. चॉकलेट, लाडू किंवा दूध-बिस्किटे देऊ नयेत, कारण त्यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, वाचन ७० च्या वर आले नसेल तर तीच मात्रा पुन्हा द्यावी, आणि ते वर आल्यावर पोळीभाजी किंवा नेहमीचे जेवण द्यावे. व्यक्ती शुद्धीवर नसेल तर तोंडातून काहीही न देता तिला ताबडतोब रुग्णालयात हलवावे.